पाटलांचा गोठा आणि गावचा पैलवान

आमच्या गावात तालीम निघाली, तेव्हा तिच्यापायी चार बैलांना घर सोडावं लागलं.

दिंद्रुडच्या पलीकडचं आमचं गाव, निजामाच्या अमलातलं. गुढीपाडव्याला माझे चुलते, तात्या, हे पाटलांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि गावच्या पोरांसाठी त्यांचा गोठाच मागून आले. तात्यांनी उभ्या जन्मात कुस्ती केलेली नव्हती. औरंगाबादेला एकदा पाहिली होती (तीही मागून, लोकांच्या पटक्यांमधून), तेवढ्यावर ते आमचे वस्ताद झाले. पाटलांनी मात्र अट घातली.

"पुढल्या चैतात जत्रंत एक तरी कुस्ती मारा. मारली तर गोठा तुमचा. न्हाई मारली तर माजी बैलं माघारी बांदतो."

बैल लिंबाखाली गेले आणि आम्ही गोठ्यात शिरलो. पोरांनी कुस्तीचा हौदा खणला, लांबून गाडीनं तांबडी माती आणली. घराघरातून ताक, तेल, हळद आली. बायका घागरीच्या घागरी ताक ओतून जायच्या, आणि पोरं ती माती रोज खोऱ्यानं वर-खाली करायची. महिनाभरात ती इतकी मऊ झाली की तिच्यावर निजावंसं वाटे. मी तर निजायचोही.

मग तात्यांनी जत्रेसाठी हुकमी पोरगा निवडला. निवडला तो मला! मी तेव्हा शेवग्याची शेंग होतो.

"आरं, ह्यो किसना वाऱ्यानं पडतोय," पोरं म्हणाली. "ह्याला कावून?"

"तुमाला काय कळतंय बे," तात्या म्हणाले. "जत्रंत जोड लावत्यात ती अंग बघून. बारक्याला बारका, दांडग्याला दांडगा. ह्यो काडी, म्हंजी समोरबी काडीच येणार. त्यातला आपला खाऊन-पिऊन तयार असला की झालं."

यात चूक काढता येईल का? आम्हाला कुणालाच आली नाही. गावानं माझ्या खाण्याची पाळी लावली. एक दिवस एक घर. आता पाळी म्हटली की घराच्या अब्रूचा प्रश्न आला. काल शेजारणीनं धपाट्यांवर वाटीभर तूप दिलं असेल, तर आजची दोन वाट्या देई. "खा रं पैलवाना, गावाचं नाव काढायचंय," असं म्हणून समोर बसून राही, आणि ताट संपेपर्यंत हलत नसे. बाकीची पोरं जोर मारता मारता माझ्या ताटाकडं बघायची. त्यांना घरी भाकरी आणि ठेचा.

श्रावणात आईनं माझ्या बंडीला बगलेत कापड जोडलं. पोळ्याला पाठीत जोडलं. दिवाळीला म्हणाली, "आता मूळची बंडी कुठली न् ठिगळ कुठलं, मलाच उमगंना."

"ताकद हाय ती, वैनी," तात्या म्हणाले.

मधे निजामाच्या पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले. गावात फौज तयार होते आहे, अशी कुणीतरी वर्दी दिली होती. तात्या हात जोडून पुढं झाले. तालीम बंद झाली असती, आणि तात्या आत गेले असते.

"हुजूर, पोरं नुसती अंग कमावत्यात."

अमीनसाहेबांची नजर हौद्यातून फिरत माझ्यावर आली. मी कडेला बसून खरवस खात होतो.

"ये कौन?"

"ह्यो आमचा पैलवान, साहेब."

अमीनसाहेबांनी मला उठायला सांगितलं. मी उठेपर्यंत त्यांना बरंच थांबावं लागलं. "इससे सरकारकू कुछ खतरा नइं," असं म्हणून ते हसतच घोड्यावर बसले. माझ्यामुळे तालीम वाचली, म्हणून त्या दिवशी मला जादा शिरा मिळाला.

हिवाळ्यात हुरडा आला. वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात जेवायच्या सणाला, तर प्रत्येक शेतातून बोलावणं, आणि एका शेतात भज्जी-आंबील घेतली आणि दुसऱ्यात नाही घेतली, तर दोन घरांची भांडणं लागायची. गावात शांतता राहावी म्हणून मी सगळीकडे जेवलो. संध्याकाळी मला गाडीत घालून घरी आणलं.

चैत्रात जत्रा भरली. आमच्या इतर पोरांनी आपापल्या कुस्त्या हरल्या. ती वर्षभर नुसता वास घेऊन लढत होती, त्यांचा काय दोष? आता गोठा माझ्या हातात होता. मी लांग चढवून फडात उतरलो. पंचांनी मला समोरून पाहिलं, मग मागून पाहायला बरंच चालत गेले.

"ह्याच्या तोडीचा कुनी हाय का?"

सगळी बारकी पोरं मागं सरकली आणि त्यांच्यामधून पाटोद्याचा एक पैलवान पुढं आला. मोडलेले कान, मानच नाही.

तात्या धावत आत आले. "आवो पंच, आमचा पोरगा बारक्यातला हाय!"

"बारक्यातला?" पंच म्हणाले. "मंग तुमच्या गावात मोठा कसा असतोय?"

सलामी झाली. त्या पैलवानानं माझ्या कमरेला हात घातला, मला उचलायचा विचार केला, तो सोडून दिला आणि नुसतं लोटलं. मी गडगडत हलगीवाल्यांपर्यंत गेलो. हलगी थांबली.

आमची गाडी गावाकडं निघाली. मला फार वाईट वाटलं. सगळ्या पोरांनी वर्षभर घाम गाळून उभा केलेला हौदा माझ्या पोटात गेला होता. मी रडलो. आणि रडता रडता भूक लागली, याचं आणखी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी बैल आणले. आधी सर्जा आत गेला. लिंबाखाली वर्षभर पाऊस आणि ऊन खाल्लेल्या त्या बैलानं मऊ माती हुंगली, तिच्यात पाय दुमडले आणि निवांत रवंथ करत बसला. मग उठेचना. पाटलांनी दावं ओढलं, शेपूट पिरगाळली, शिव्या दिल्या. सर्जानं डोळे मिटले.

"आज नांगराचा दिस हाय," पाटील घामाघूम होऊन म्हणाले. "तात्या, काय केलंया ह्या मातीला?"

"गावाचं ताक हाय त्यात, पाटील."

तात्यांनी पोरांना हाक दिली. पोरांनी सर्जाच्या पोटाखाली वासे घातले आणि खांदे दिले. बैल तसूभर हलला नाही.

"किसनाला मागनं लावा," तात्या म्हणाले.

मी मागं गेलो, डोळे मिटले आणि वर्षभराच्या सगळ्या तुपाचा, खरवसाचा आणि शिऱ्याचा भार बैलावर टाकला. सर्जा हंबरला आणि ताडकन उठून बाहेर पळाला. बाकीचे तीन बैल त्याच्या मागं.

पाटलांनी वाकून हौद्यातली मूठभर माती चोळून पाहिली. "ह्या गादीवर माजा बैल परत बांदत न्हाई. ऐदी व्हईल," ते म्हणाले. मग त्यांना हसू फुटलं. "आन् एक कुस्ती मारा म्हनलं व्हतं, ती बैलासंगं का व्हईना, मारली तुमी. गोठा तुमचा."

पोरांनी एकच गिल्ला केला. तात्यांनी डोळे पुसले. मला कुणी खांद्यावर घेतलं नाही, पण त्याचं कारण मानापमानाचं नव्हतं. बैल निसटला तेव्हा मी तोंडावर पडलो होतो तो थेट त्याच्या खळग्यात, आणि माती खरोखरच मऊ होती. पोरांनी हात धरून ओढलं, वासे घातले, खांदे दिले.

शेवटी तात्या घाम पुसत बाहेर गेले आणि आदबीनं म्हणाले, "पाटील, सर्जाला तेवढं माघारी आना. किसनाला दावं बांदून वढावं लागतंय."