ड्रायव्हरची सवय

मखमलाबादच्या कोंडाजी पिंगळ्यांनी चाळीस वर्षं झेंडू पिकवला, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. तरीही पाच महिन्यांत ते गाडीच्या सर्व्हिस सेंटरला पाच वेळा जाऊन आले होते. तिथला वॉचमन त्यांना स्टाफ समजून सलाम ठोकायला लागला होता.

गाडी सुनेसाठी घेतलेली. भाग्यश्रीला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि बस-रिक्षांच्या अदलाबदलीत तिचा जीव मेटाकुटीला येऊ लागला, म्हणून. गाडीत खोट एकच होती. चढ लागला की ड्रायव्हरची सीट आपणहून मागे सरकायची. भाग्यश्री उंचीनं बेताची. सीट वीतभर मागे गेली की तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नसत. उड्डाणपुलाच्या चढावर असं दोनदा झालं.

सर्व्हिस सेंटरला ज्ञानेश नावाचा सल्लागार होता. तो इतका नम्र होता की त्याच्यावर चिडलं की आपलीच लाज वाटावी. दर वेळी तो गाडीत बसायचा, गुळगुळीत फरशीवर ती दोन हात पुढे-मागे घ्यायचा आणि सगळं ओके असल्याचं सांगायचा. चढावर नेऊन बघा म्हटलं, की टेस्ट ड्राइव्हचा रूट ठरलेला असतो म्हणायचा. तो रूट आवारातल्या आवारात होता. नाशकातली तेवढीच जागा बहुधा पूर्ण सपाट असावी. शेवटी जॉब कार्डावर इंग्रजीत एकच वाक्य उमटायचं, आणि भाग्यश्री ते वाचून दाखवायची: दोष आढळला नाही, ड्रायव्हरची सवय.

हे वाक्य घरी पोचलं आणि कोंडाजींच्या बायकोच्या, आक्काबाईंच्या हाती कोलीत मिळालं. सुनेनं गाडी चालवावी हे त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं. आता तर कंपनीनंच लेखी दिलं होतं. शिवाय मुलगा ओम, भाग्यश्रीचा नवरा, जो फुलांचा टेम्पो चालवतो, त्याला गाडीत काहीच त्रास होत नव्हता. होणार कसा? तो सहा फुटी. तो सीट मुळातच शेवटपर्यंत मागे घेऊन बसायचा. सीटला आणखी सरकायला जागाच उरत नसे. कोंडाजींनी हे तीनदा समजावलं. आक्काबाईंनी तिन्ही वेळा सांगितलं, की एक तारखेला किल्ली ओमकडं.

भाग्यश्री भांडली नाही. "अण्णा, राहू द्या, मी नोकरी सोडते," एवढंच म्हणाली. कोंडाजींना ते भांडणापेक्षा जड गेलं.

सहाव्या खेपेला त्यांनी हट्टानं सीट उघडायला लावली. खाली सुकलेल्या पाकळ्या निघाल्या. ज्ञानेशचा चेहरा उजळला. गाडीतून फुलांची वाहतूक होते, म्हणजे व्यावसायिक वापर, म्हणजे वॉरंटी संपली, असं त्यानं अत्यंत दिलगिरीनं सांगितलं.

कोंडाजी गुडघ्यावर बसले आणि एक पाकळी चिमटीत धरली.

"हे काय हाय?"

"फूल, सर."

"जरबेरा हाय. पॉलिहाऊसचं. आपण जल्मात लावलं नाय. वास नाय, दम नाय. देठाला तार बांधल्याबिगर मान बी धरीत नाय." ते थांबले. "मग तार कुठं गेली?"

बॅटरी मारली तर सीटच्या रुळाच्या दात्यांत बोटभर तार अडकलेली दिसली; तिच्यामुळं खटका पुरता बसत नव्हता. पलीकडच्या शोरूममध्ये एका नव्या गाडीची डिलिव्हरी चालली होती. ड्रायव्हरच्या सीटवर, फोटोसाठी, जरबेऱ्याचा गुच्छ ठेवला होता.

ज्ञानेशनं तिकडं पाहिलं, इकडं पाहिलं. "सर, बाहेरची वस्तू अडकली तर तो मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट होत नाही. वॉरंटीत बसत नाही."

कोंडाजींना पहिल्यांदाच त्याच्याबद्दल आदर वाटला.

मेकॅनिकनं पक्कडीनं तार ओढली. भाग्यश्री गाडी परस्पर उड्डाणपुलावर नेऊन आली. सीट जागची हलली नव्हती. जॉब कार्डावर मात्र आलं: ग्राहकाने टाकलेला कचरा काढला.

"सही करणार नाय," कोंडाजी म्हणाले.

कॉम्प्युटरमध्ये चारच कारणं आहेत, पाचवं लिहिता येत नाही, असं ज्ञानेशनं सांगितलं. भाग्यश्रीची दुपारची शिफ्ट होती.

"अण्णा, सीट झाली ना? चला."

"तू जा. मला सवयीचं खोडून घ्यायचंय."

ती गेली. ते सोफ्यावर बसले. कॉफी आली, मॅनेजर आला, पुन्हा कॉफी आली. साडेपाचला लेटरहेडवर, शिक्क्यासह, दोन ओळी मराठीत मिळाल्या: सीटच्या रुळात शोरूमच्या सजावटीची तार अडकली होती. चालकाची चूक नाही.

बसनं घरी येऊन त्यांनी कागद आक्काबाईंपुढे धरला आणि मोठ्यानं वाचला. दोनदा. आक्काबाई मेथी निवडत होत्या.

"मग ती कुठंय?"

"अंबडला. गाडी घेऊन."

आक्काबाईंनी आणखी एक जुडी सोडली. "रविवारी सुट्टी असंल ना तिला? मला विंचूरला बहिणीकडं जायचंय. ओम लय जोरात चालवतो."