विहीर वगळून काढलेला नकाशा

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच सरकारी कागदावर खोटं लिहिलं, आणि तेही संडासाच्या टाकीपायी. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी मेन्टेनन्समध्ये उभी हयात काढली. कंपनीतून कधी एक नट घरी आणला नाही. स्क्रू ड्रायव्हर चुकून खिशात राहिला, तर सुट्टीच्या दिवशी गेटवर परत नेऊन देणारा माणूस. म्हणून ही हकीकत सांगितली की नात्यातले लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, छे, दादा असं करणारच नाहीत.

निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचं, एवढीच दादांची हौस होती. गाव चाकणच्या एमआयडीसीला खेटून, निघोज्याच्या पुढे. वाटणीत त्यांना तीन गुंठ्यांची लांबट जागा आली होती. पुढे रस्ता, मागच्या कोपऱ्यात आजोबांनी खणलेली विहीर. मी लहान असताना मे महिन्याच्या सुट्टीत दर गुरुवारी आम्ही तिथे जायचो. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमच्या घरात रविवारला फारशी किंमत नव्हती. स्कूटरवर पुढे मी उभी, मध्ये दादा, मागे आई आणि तिच्या मांडीवर डब्याची पिशवी. तेव्हा तिकडे सगळा कांदा आणि बटाटा. मोशी मागे पडली की काढणीच्या कांद्याचा वास सुरू व्हायचा आणि मला भूक लागायची. आता त्याच रस्त्यावर कंटेनरच्या मागे अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं. तरी तो चढ आला की माझं नाक आपोआप वास शोधतं. काही येत नाही, डिझेलशिवाय.

गावात दिवस मजेत जायचा. चुलत भावंडं, चिंचेखाली जेवण, विहिरीत डोकावून हाका मारणं. उन्हं कलली की मात्र आईचं सुरू व्हायचं: निघायचं ना? मी रडायचे, दादा स्कूटर काढायचे, आणि अंधार पडायच्या आत आम्ही पिंपळे गुरवच्या आमच्या घराच्या वाटेला लागलेलो असायचो. मला कळतंय तेव्हापासून आई त्या गावात एकदाही मुक्कामाला राहिली नाही. जत्रेला नाही, दिरांच्या लग्नाला नाही. आईचे वडील सरकारी कारखान्यातले, ती क्वार्टरमध्ये वाढलेली. त्यामुळे गावच्या बायका तिला मडमच म्हणायच्या. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. माझ्या सगळ्या सुट्ट्या तिनं अर्ध्यावर तोडल्या, याचा राग मी चाळिशीपर्यंत जपून ठेवला होता.

दादांनी घर बांधायचा विषय काढला तेव्हा आईनं एकच अट घातली. संडास घरात असेल तर येईन, आणि आधी तो दाखवा, मग भिंती उभ्या करा. आम्ही म्हटलं, गुडघे दुखतात तिचे, बरोबर आहे. दादा तर खूशच झाले. इतक्या वर्षांच्या नकाराला एवढंसंच कारण असेल, तर टाकी ती काय, आठ दिवसांचं काम.

पण आठ दिवसांत टाकी व्हायचे दिवस गेले होते. पूर्वी गावात खड्डा खणला, दगड रचले, वर फरशी टाकली की झालं. पुढे कंपन्या आल्या, कामगारांना भाड्यानं द्यायला लोकांनी ओळीनं दहा-दहा खोल्या काढल्या, आणि त्या सगळ्यांच्या टाक्या ओढ्यात वाहू लागल्या. तेव्हापासून बांधकामाच्या परवानगीला टाकीचा वेगळा नकाशा लागायला लागला. टाकी किती खोल, पाणी मुरायचा शोषखड्डा कुठे, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पिण्याच्या विहिरीपासून किती लांब. आमच्या ग्रामसेवकांना सगळा गाव भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी फॉर्म माझ्या हातात देताना बोट ठेवून सांगितलं की शोषखड्डा विहिरीपासून साठ फूट पाहिजे आणि जागेवर येऊन मोजल्याशिवाय ते सही करणार नाहीत.

मी हिंजवडीला नोकरी करते, कागदपत्रांचं मला भय नाही. पण नकाशाला दादांनी मला हातही लावू दिला नाही. पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल त्यांनी तीन दिवस अडवून ठेवलं. आलेख कागद, टी-स्क्वेअर, टोक काढून सुईसारख्या केलेल्या पेन्सिली. टाकीचे दोन कप्पे, हवेची नळी, पाइपांचे उतार, सगळं कंपनीच्या ड्रॉइंगच्या अक्षरात. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आणि त्यात ड्रॉइंग नंबर एक. संडासाचा इतका देखणा कागद मी तरी कुठे पाहिलेला नाही.

मागच्या कोपऱ्यात, जिथे विहीर होती, तिथे त्यांनी लिहिलं होतं: मोकळी जागा. फॉर्मवरच्या प्रश्नापुढेही, विहीर आहे का, तर नाही.

मी विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले की नळ आल्यापासून ते पाणी कोण पितं, नुसती धुण्याभांड्याला हाय, मग ती पिण्याची कशी? मला ते पटलं नाही, पण मी मान डोलावली. टाकी मागे गेली तरच पुढे त्यांची पडवी होणार होती. तिथे झोपाळा टांगायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला चहाला बोलवायचं, हे त्यांचं कित्येक वर्षांचं ठरलेलं होतं. त्यांच्या त्या पडवीसाठी मीही खोट्यात सामील झाले. आईला यातलं काही सांगितलं नाही. आमच्या घरात कागद दादा बघतात आणि मी बघते, तिला कोणी विचारतच नाही.

भाऊसाहेब पाहणीला आले तो दिवसही गुरुवारच होता. दादा टेप घेऊन तयार. आई मुद्दाम बरोबर आली होती, कारण माणूस उन्हातून येणार, त्याचं चहापाणी कोण बघणार? जागेवर पत्र्याची एक शेड होती, त्यात तिनं स्टोव्ह मांडला. इकडे दादांनी मोजमाप सुरू केलं. भाऊसाहेबांचं तोंड ते अशा बेतानं रस्त्याकडे वळवत होते की मला हसू दाबता येईना. जुनं बांधकाम दाखवलं, शेजारची हद्द दाखवली, चिंच दाखवली. मागचा कोपरा झुडपांच्या आड होता. सगळं जमलं होतं.

एवढ्यात आई आली. एका हातात लख्ख घासलेला तांब्या, दुसऱ्या हातात भांडं. दारी आलेल्याला आधी पाणी, मग काय ते बोलणं, ही तिची जन्माची रीत. भाऊसाहेबांनी भांडंभर पाणी घटाघटा पिऊन पुन्हा भांडं पुढे केलं, तशी ती खुलली.

"घ्या की. आत्ता काढलंय विहिरीतून," ती म्हणाली. "इतकं गोड पाणी या गावात दुसरीकडे मिळायचं नाही तुम्हाला."

भाऊसाहेबांनी दुसरं भांडं सावकाश संपवलं. तोंड पुसलं. मग नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "दादा, ही विहीर कागदावर कुठं हाय?"

दादांचा चेहरा पार उतरला. पिण्याची न्हाई म्हणून दाखवली न्हाई, असं काहीतरी ते पुटपुटले.

"मी आत्ताच प्यायलो की," भाऊसाहेब म्हणाले.

माणूस भला होता. ओरडला नाही, कागद फाडला नाही. नकाशाची तारीफ करून त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक तर विहीर बुजवा, पंचनामा करून घेऊ आणि टाकी मागेच राहू द्या. नाहीतर टाकी पुढे रस्त्याच्या कडेला आणा, तिथे साठ फूट बसतात. विहीर ठेवून टाकी मागे, हे मात्र होणार नाही.

परत येताना नाशिक फाट्यापर्यंत मी कशीबशी कळ काढली. मग मलाच राहवेना. मी आईला वाटेल ते बोलले. तूच मागायचं आणि तूच मोडायचं, तुला गावी यायचंच नाही म्हणून हे केलंस, असंही म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, तिला काय माहीत आम्ही विहीरच खोडली ते.

दादांनी विहीर बुजवायचं ठरवलं. शेजारी गोदामासाठी खोदाई चालली होती, मुरूम नुसता न्यायचा होता. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याशी बोलूनही ठेवलं. हे कळलं त्या दिवशी आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिनं सांगितलं की विहीर बुजवलीत तर मी येणार नाही, संडास सोन्याचा बांधलात तरी नाही. का, तर काही नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. दोन माणसांना म्हातारपणी एकत्र राहायचंय आणि ते एका टाकीवर अडलंय, हे ऑफिसात कुणाला सांगायचीही सोय नव्हती. दादांनी तेव्हा मला बाजूला घेऊन म्हटलं होतं की तू बुजवायला हो म्हण, ती नाही आली तर मी एकटा जातो. त्यांचा आवाज ऐकून मला भीती वाटली. ते खरंच गेले असते.

चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी टेबलावर पुन्हा आलेख कागद आला. या वेळी त्यांनी सगळ्यात आधी कंपास घेऊन विहीर काढली आणि तिच्या पोटात अक्षरं बसवली: गोड पाण्याची विहीर. तिथून पट्टी लावत लावत ते पुढे आले आणि पडवीच्या जागी टाकी काढली. मी म्हटलं, दादा, तुमचा झोपाळा? ते म्हणाले, "ती येती म्हणली न्हवं? मग बास झालं."

परवानगी आली. खणकाम सुरू झालं आणि गावाला करमणूक मिळाली. इतर लोक दारात तुळस लावतात, यांनी टाकी लावली. पाहुण्यांना आधी टाकीवरून फिरवून आणणार का दादा, असं पारावर विचारलं जायचं. त्या माणसाला आयुष्यात कुणी हसलेलं नव्हतं. कंपनीत साहेबसुद्धा त्यांना अहो-जाहो करायचे. मला संताप यायचा, पण दादा हसून म्हणायचे की व्हय, मंजूर नकाशा हाय, बघायचा का? आणि खरोखर खिशातून काढून दाखवायचे.

घर झालं. वास्तुशांतीला आलेली मंडळी दुपारी पांगली आणि संध्याकाळी आम्ही तिघंच राहिलो. झोपाळ्याला जागा नव्हती, म्हणून दादांनी टाकीच्या झाकणांच्या अलीकडे उंबऱ्याजवळ दोन खुर्च्या टाकल्या होत्या. गोदामांचे दिवे लागले होते. उन्हं केव्हाच कलून गेली होती आणि आई निघायचं म्हणत नव्हती.

तिनं आतून पाणी आणलं आणि खुर्चीवर बसून प्यायली. एक भांडं, दुसरं, मग तिसरं ओतून घेतलं.

दादा चेष्टेनं म्हणाले, "अगं, बास की. रात्री उठावं लागंल."

"त्या धाकानंच तर इथं दोन वर्षं प्यायले नाही," आई म्हणाली.

आम्हाला आधी काही कळलंच नाही. मग तिनं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज. लग्नानंतर ती इथे सासरी आणि दादा पिंपरीत चार मित्रांबरोबर खोली करून. बायकांनी बाहेर जायचं ते पहाटे अंधारात, नाहीतर रात्री. मध्ये सोय नाही. रात्री बांधापर्यंत जायची तिला भीती वाटायची, विंचवाकाट्याची आणि वाटेवर विड्या ओढत बसणाऱ्यांचीही. म्हणून दुपारचं जेवण झालं की ती पाणी बंद करायची. संध्याकाळी त्याच विहिरीवरून घरातल्या नऊ माणसांचं आणि गुरांचं पाणी तीच शेंदायची. सगळे म्हणायचे, काय गोड पाणी आहे. ती ओला हात तोंडावरून फिरवायची आणि घागर उचलायची. एक दिवस इथं बसून पोटभर प्यायचं, असं तिनं तेव्हा मनाशी ठरवलं होतं. विहीर बुजवली असती तर ते राहूनच गेलं असतं, म्हणाली.

दादांनी तिच्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला कधी बोलली न्हाईस."

"गुरुवारी यायचात तुम्ही. एका दिवसात हे कुठं सांगत बसू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं तिसरं भांडंही संपवलं आणि भाजी टाकायला आत गेली. मी तिथेच बसून राहिले. माझा जन्म झाला आणि मग दादांनी पिंपळे गुरवला खोली घेतली, हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणजे तिच्या त्या दोन वर्षांतले शेवटचे नऊ महिने मी तिच्या पोटात होते. हे लक्षात आलं तेव्हा मी दादांकडे पाहिलं. ते आधीपासूनच माझ्याकडे बघत होते.