श्वेताचा भरवसा, रोहिणीची धडधड

पोलीस भरतीच्या अकॅडमीत गणित शिकवणाऱ्या बाईकडे काही वर्षांत गणितं कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आमची अकॅडमी कोरेगावात. फक्त मुलींची, आणि निम्म्यांच्या घरी लग्नाची बोलणी चालू. त्यामुळे किस्सा सांगताना हसू येतं, पण तो घडत असताना हसायचं सुचत नाही.

ग्राउंडचे सर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आधी स्वतःला भारी समजा, मग दुनिया समजेल, हे त्यांचं ठाम मत. रोज सकाळी एकेकीला आरशासमोर उभं करून म्हणायला लावायचे, "मी कोणापेक्षा कमी नाही." त्या तुकडीतली रोहिणी हे इतकं हळू म्हणायची की नुसते ओठ हलायचे.

"आवाज आला न्हाई," सर म्हणाले.

"आरशाला आला, सर."

श्वेता मूळची तासगावची, इथं मावशीकडे राहायची. तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. फॉर्म भरला त्याच आठवड्यात तिनं शिंप्याकडे वर्दीचं माप देऊन टाकलं. मी धसकलेच. म्हटलं, "अगं, निकाल तरी लागू दे."

"नंतर लय गर्दी असती मॅडम त्याच्याकडं."

त्याच महिन्यात सराव परीक्षेत तिला शंभरपैकी एकतीस पडले. कुठं चुकलं, मी विचारलं.

"चुकलं न्हाई, वेळ कमी पडला."

"अजून अर्धा तास दिला असता तर?"

"तर तुमच्या चुका काढल्या असत्या."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. या पोरीला थोडी तरी भीती वाटावी, असं मला मनापासून वाटत होतं.

रोहिणीची तऱ्हा उलटी. एकदा आठशे मीटरला ती सगळ्यांच्या आधी आली आणि सरांना म्हणाली, "घड्याळ अडकलं असंल. परत पळू का?" तिच्या वडिलांनी एकच संधी दिली होती. भरती नाही झाली तर मार्गशीर्षात लग्न, मुलगा बघून ठेवलेला. सगळ्या घरी गेल्या तरी ती एक फेरी जास्त मारायची. विचारलं तर म्हणायची, "मी लय कच्ची हाय, मॅडम."

मैदानी चाचणी साताऱ्यात होती. स्टँडवर उतरल्या उतरल्या रोहिणीला उलटी झाली. तोंड पुसत म्हणाली, "मी घरी जाते. मला जमायचं न्हाई."

मलाही धीर नव्हता, पण तोंडातून निघून गेलं, "दुपारपर्यंत परतीची गाडी नाही. तोवर पळून तरी ये."

गाड्या दर अर्ध्या तासाला होत्या. त्या दिवशी दोघीही मैदानात पास झाल्या.

लेखी पेपराला मी गेटबाहेर उभी होते. श्वेता हसत बाहेर आली, "लय सोपा." रोहिणी रडत आली. किती प्रश्न सोडवलेस, विचारलं, तर म्हणाली, "सगळे." मग रडतेस कशाला? "सोपा वाटला, मॅडम. मला सोपा कसा वाटंल?"

निकाल दुपारी मोबाईलवर आला. रोहिणी स्वतःचा फोन बंद करून शेतात भांगलायला गेली होती. श्वेता अकॅडमीच्या ऑफिसात माझ्याशेजारी बसून यादीवरनं बोट फिरवत होती. बोट शेवटापर्यंत गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं. तिचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पाण्याची बाटली पुढं केली, तिनं घेतली नाही. तिनं सरळ रोहिणीच्या आईला फोन लावला. आईनं बांधावरनं लेकीला हाक मारलेली मला इथं ऐकू आली.

"रोहे, तू भरती झालीस गं," श्वेतानं सांगितलं.

पलीकडून बारीक आवाज आला, "नीट बघ. चूक झाली असंल."

"चूक झालीया ती माझ्या नंबरात," श्वेता म्हणाली. "तुझा बरोबर हाय."