पोटावरची रेघ

डॉक्टरांनी माझ्या पोटावर बॉलपेननं रेघ ओढली. नाभीखाली, आडवी. मला काही न सांगता. मग ते माझ्या नवऱ्याकडे वळले.

"इथून उघडतो, राव. गर्भपिशवी काढून टाकू. शुक्रवारी आणा."

मी टेबलावर पडून. साडी सरकलेली. दार सताड उघडं.

मी हळूच म्हटलं, "गोळ्यांनी रक्त नाही का थांबणार?"

"वैनी, किती शिकलात?"

"चौथी."

"मग सांबाराचं तुम्ही बघा. पोटाचं मी बघतो."

नवरा हसला. कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. त्यांना डॉक्टर म्हणाले, "दर महिन्याचं बाहेर बसणं संपेल, काकू. मडी मोडणार नाही."

सासूबाईंचा चेहरा उजळला. मडी म्हणजे आमच्या घरचं सोवळं. रक्त जाई तोवर मी मागच्या खोलीत. हल्ली ते लांबत चाललं होतं आणि देवाचा नैवेद्य अडत होता. माझ्या दुखण्यानं कुणाचं अडत नव्हतं.

डॉक्टर आमच्यातलेच. राजवाड्यामागच्या मोठ्या घरातले. या दक्षिणेकडच्या गावात आपलं मराठी बोलतात, म्हणून आपले. अख्खी गल्ली त्यांच्याकडेच जाते. त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका मला वेगळ्याच दिसल्या. समोरची अक्का. कोपऱ्यावरची मामी. माझी धाकटी जाऊ. सगळ्यांच्या पोटावर तीच आडवी, टाक्यांची खूण. जावेला अजून चाळिशीही लागली नाही. बसल्या जागी तिला घाम फुटतो, हाडं ठणकतात. "सुटले ग," म्हणते. म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

मुलगी कॉलेजात होती. ती मला स्टेशनजवळच्या इंटरनेटच्या ब्राउझिंग सेंटरला घेऊन गेली. गर्भपिशवीतल्या गाठीच्या स्कॅनचा कागद तिच्या हातात. फळ्यांच्या खोपटात आम्ही दोघी एकाच खुर्चीवर. पडद्यावर पान वरून खाली, सावकाश उमटत होतं. डॉक्टरांनी काय करावं याचेच नियम होते ते. इंग्रजीतले. ती वाचून सांगत गेली.

"अम्मा, गाठ अशी लहान असली तर आधी औषध. आतली तपासणी. त्यानं भागलं नाही तर मग ऑपरेशनचं बोलायचं." ती थांबली. "आणि बाईला काय हवं ते विचारायचं."

"परत वाच."

तिनं परत वाचलं. मला कुणी कधी विचारलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

ते पान छापून घेतलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पान न वाचताच परत सरकवलं.

"चौथीवाली आता मला शिकवणार! उद्या कॅन्सर निघाला तर माझ्या दारात रडत यायचं नाही."

तो शब्द पोटात जाऊन बसला. अजून बसलाय. तरी मी विचारलं, "त्याची तपासणी केलीत का?"

ते नवऱ्याला म्हणाले, "राव, घरी नेऊन नीट समजवा."

घरी मला समजवलं. कसं, ते लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी माझे कपडे भरून ठेवले. रिक्षा दारात. गल्लीतल्या बायका आपापल्या उंबऱ्यावर. मी पोटावरची शाई दगडानं घासून काढली होती. कातडी सोलली होती.

मी नवऱ्याला म्हटलं, "मी सरकारी इस्पितळात तपासून घेणार."

"गेलीस तर हे दार बंद."

मी मुलीला हाक मारली आणि रिक्षात बसले.

तपासणीत काय निघेल, माहीत नाही. वाईटही निघेल. कापावंही लागेल. पण मला विचारल्याशिवाय नाही. 'हो' म्हणायचं असेल तर ते मी म्हणेन. तोवर माझ्या पोटावर कुणी पेन टेकवायचं नाही.