दार घेऊन आलो

पिशोर गाव सोडलं त्या सकाळी पोरानं टेम्पोत भांडी, गोधड्या भरल्या. मी मात्र दार बिजागरीतून काढत बसलो. तुम्ही गल्लीतले हसलात. "म्हाताऱ्या, भिंती कवा नेणार?" सदाभाऊ ओरडला.

दारावर निळा आकडा होता, उन्हाच्या पाहणीवाल्यांनी टाकलेला. दरसाली उन्हाळा सरला की त्यांची रेहाना नावाची पोरगी यायची, त्या आकड्यावरून घर ओळखायची. ऊन किती लागलं, पाणी कुठून आणलं, कोण आजारी पडलं, कोण गेलं, सगळं विचारायची. माझी कौसल्या दिवाळीला दार रंगवायची, पण आकडा सोडून. म्हणायची, "झाकू नका, पोरगी घर चुकंल." उभ्या जन्मात तिला दुसऱ्या कुणी असं विचारलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात कौसल्या अद्रकाच्या लागवडीला गेली आन् बांधावर पडली. दवाखान्याच्या कागदावर आलं, हृदय बंद पडलं. मरताना सगळ्यांचंच पडतं की! उन्हाचं नाव कुणी घेतलं नाय. म्हटलं, रेहाना येईल, तिला सांगू.

ती आलीच नाय. मग पोरानं मला शहरात, चिकलठाण्याला आणलं, म्हणून दार आणलं. आकडा बघून ती इथंबी हुडकील, एवढीच माझी अक्कल.

शेवटी पोरानं तिला फोन लावून दिला.

"काका, ते काम बंद पडलं. बाहेरच्या देशाचा पैसा होता, त्यांनी थांबवला. आम्हाला सगळ्यांना घरी बसवलं. मी आता कपड्याच्या दुकानात असते."

"मग उन्हानं मेलेली माणसं कोण मोजणार?"

"कोणीच नाही, काका."

मग तिनंच विचारलं, "काकूंना घाम येत होता का?"

सांगितलं. अंग तापलेलं, घामाचा थेंब नाय. मला ओळखलं नाय, मेलेल्या आईला हाका मारत होती. पाण्याची कळशी पार दुसऱ्या बांधाला.

"लिहिलंस का, बाई?"

"कुठं लिहू, काका?" ती रडत होती.

इथं तिसऱ्या मजल्यावर राहायला जागा हाय, पंखा हाय. सून म्हणते, दार भंगारात देऊ, गॅलरी अडते. तिचं खोटं नाय. पण मला घर म्हणून तेवढंच उरलंय.

औंदाबी ऊन लई हाय. तुमच्यातलं कुणी उन्हानं गेलं तर मला कळवा. दाराच्या मागच्या अंगाला जागा हाय. वर कौसल्येचं नाव टाकलंय.