नरसम्मा अक्काच्या मीटरवरची मॅच

नरसम्मा अक्का मॅच बघताना बिड्या वळायची आणि हातांकडे एकदाही पाहायची नाही. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, डोळे टीव्हीवर. सामना चुरशीचा झाला की बिड्या इतक्या घट्ट वळल्या जात, की दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्या बाजूला काढत. "त्यांना काय कळतंय? शेवटची ओव्हर होती," अक्का म्हणायची. मागच्या वर्षी ती गेली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत क्रिकेट कुणाचं, हे तिनं एका संध्याकाळी ठरवून टाकलं होतं. म्हणून हे लिहितो आहे.

मोठा सामना असला की मंडळाचा टीव्ही गल्लीच्या तोंडाशी लागायचा. खुर्च्या पुरुषांच्या. बायकांनी दारातून माना लांब करून बघायचं. वीज मात्र अक्काच्या घरातून यायची, कारण तिचं घर सगळ्यात जवळ.

त्या शनिवारी पुरुषांचा सामना चालू होता. दुसऱ्या दिवशी मुलींच्या संघाची फायनल होती. अक्का ओट्यावरून म्हणाली, "सिद्धाराम, उद्या पण लाव की."

मंडळाचा अध्यक्ष सिद्धाराम मागं न बघताच बोलला, "पोरींची मॅच कोण बघतंय, अक्का? मोबाईलवर बघा की तुमी."

मीही शहाणपणा केला. "अक्का, मी लिंक पाठवतो."

"मोबाईलवर एकटी बघू? मग ओरडू कुणाच्या कानात, तुझ्या?"

खुर्च्या हसल्या. अक्का आत गेली. दोन षटकं उरली असताना टीव्ही काळा पडला.

"अक्का, करंट गेला!"

अक्का दारात आली. हातात वायरची पिन. "करंट कुटं गेलाय? माझ्या घरात हाय. मोबाईलवर बघा की तुमी."

सगळ्यांनी फोन काढले. एका कोपऱ्यातून "गेला!" अशी आरोळी आली, तेव्हा दुसऱ्याच्या फोनवर बॉलर अजून धावतच होता. तिसऱ्याच्या फोनवर नुसतं गोल फिरत होतं. विकेट आधी सांगितली म्हणून दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. एका गल्लीत वीस माणसं वीस सामने बघत होती. तेव्हा मला माझ्या लिंकची लाज वाटली. हातात फोन असताना रस्त्यावरचा टीव्ही कशाला हवा, असं म्हणणारे आधी बायकांनाच घरात पाठवतात. त्या दिवशी मीही त्यांच्यातलाच होतो.

सिद्धाराम ओट्याशी आला. "घाला पिन, अक्का. उद्या लावतो."

"आनि खुर्च्या?"

"पुढच्या तुमच्या."

पिन लागली तेव्हा टीव्हीवर बक्षीस समारंभ चालू होता.

रविवारी पुढच्या दोन रांगांत बायका सुपं घेऊन बसल्या. अख्खी गल्ली दणाणेल इतक्या ओरडल्या. मुली हरल्या. मागून कुणीतरी टोमणा मारला, "झालं का समाधान?"

अक्का खुर्चीतच वळली. "तुमचे किती येळा हरले, त्यासाठी आमी कदी पिन काढली का? पुढच्या मॅचलाबी हितंच बसणार. लवकर येऊन जागा धरायची गरज न्हाय. जागा आमची हाय."