राजमहंमदची मेढ

लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्यातून बोलावणं आलं की राजमहंमद कुदळ, लोखंडी सळई आणि पत्र्याचा डबा घेऊन भाजे गावाहून निघायचा. वाळवी काढणं हे त्याचं काम. औषध तो कुठलंच वापरत नसे. खांबावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, लाकडावर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्यांचा माग काढत वारुळापर्यंत जायचं आणि खणून राणी बाहेर काढायची. बोटाएवढी, पांढरी, फुगलेली, जागची न हलणारी. ती डब्यात पडली की उरलेली वाळवी काही महिन्यांत आपोआप संपते. राणी निसटली तर सगळं खणणं फुकट. १९३७ पर्यंत त्यानं शंभरावर राण्या काढल्या होत्या.

त्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या घरात वाळवी लागली. घर बापानं बांधलेलं. मातीच्या भिंती, वर कौलं आणि आढ्याचा सगळा भार मधल्या एका ऐनाच्या खांबावर, मेढीवर. मेढीवरची पहिली नळी त्याच्या बायकोला, खुर्शीदाला दिसली.

"अवो, मेढ गेली तर घर गेलं. वारूळ कुटं हाय ते तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं. परड्यामागे वीस पावलांवर कमरेएवढं वारूळ होतं. पण ते गावच्या बायकांचं. नागपंचमीला त्या तिथं दूध-लाह्या वाहायच्या. आदल्या दिवशी म्हातारी विठाबाई चारजणींना घेऊन ते शेणामातीनं लिंपून घ्यायची.

"त्यांच्या नागोबाच्या घरात कुदळ घालू?" राजमहंमद म्हणाला. "हितंच ऱ्हायचंय आपल्याला."

तो वारुळाजवळ फिरकलासुद्धा नाही. मेढीच्या बुडाशी गुळवणी शिंपडून त्यानं मुंगळे बोलावले. मुंगळ्यांनी नळ्या फोडल्या, वाळवी ओढून नेली. पण लाकडाच्या आत मुंगळा शिरत नाही. तिसऱ्या वर्षी टिचकीला मेढ बद, पोकळ वाजू लागली.

एकदा विस्तव मागायला आलेल्या विठाबाईनं ती मेढ पाहिली.

"दुनियेची वाळवी काढतोस आन् घरात पाळतोस व्हय रं?"

"तुमच्या वारुळातनं येती, मावशी."

विठाबाईनं दारातून वारुळाकडे पाहिलं. "मग तीन वर्सं तोंड शिवलं हुतंस का? खण. बायकांचं मी बगते."

"आन् नागोबा चावला मंजी?"

"तुला काय चावतोय. निस्ती हाडं तर हायती तुजी."

चैत्रात त्यानं वारूळ खणलं. छातीएवढं खोल गेला तरी माती कोरडीच. पोकळ्यांत कोळ्यांची जाळी. वाळवी तिथून जाऊन दहा-बारा वर्षं तरी झाली असावीत. जिवंत वारुळावर ताजी माती दिसते, ही खूण त्याला लांबूनही कळायची. पण या वारुळाला बायका दरवर्षी नवी माती लिंपत होत्या. त्याला ते ताजंच दिसत आलं होतं.

तो घरी आला आणि मेढीभोवतीच्या जमिनीत सळई खुपसू लागला. चुलीमागे सळई एकदम आत गेली. खणलं तर दोन हात खोल राणी होती. ती काढताना कुदळीचा दांडा मेढीला लागला आणि ओंजळभर लाकूड भुश्यासारखं खाली पडलं.

खुर्शीदानं चूल उचलून दाराबाहेरच्या ओट्यावर नेली.

लढाईचं वर्ष होतं. एवढं लांब लाकूड कुठं मिळेना. आढ्याखाली त्यानं बांबूंचे टेकू दिले. मग तीन दिवस खपून त्यानं मोडलेलं वारूळ पुन्हा रचलं, होतं तेवढं, कमरेएवढं.

"आदी घराचं बगा," खुर्शीदा म्हणाली.

"घर माजं हाय. ते त्यांचं हाय, मी मोडलंय."

आषाढात दुसऱ्या आठवड्याच्या पावसात आढं खाली आलं. दोघं ओट्यावर होती म्हणून वाचली. कौलं गोळा करायलाही ती थांबली नाहीत. लोणावळ्याच्या एका बंगल्यामागची नोकरांची खोली त्यांना मिळाली.

पंचमीच्या आदल्या दिवशी विठाबाईनं वारूळ लिंपून घेतलं. वीस पावलांवर राजमहंमदच्या भिंतींची माती विरघळत होती. लिंपायला माती कमी पडली तेव्हा एक बाई तिकडे वळली, तशी विठाबाईनं तिला हाताला धरून मागं ओढलं.

त्या दिवशी राजमहंमद लोणावळ्यात दुसऱ्याच्या खांबावर टिचक्या मारत होता. घराचं कुणी विचारलं तर तो एवढंच सांगायचा, "राणी घावली."